कमाल तापमानाशेजारी आणखी एक आकडा छापा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या महिला पुरवणीत चिरतरुण त्वचेचे घरगुती उपाय नुकतेच वाचायला मिळाले. चेहऱ्यावर लिंबाचा रस चोळून वीस मिनिटे ठेवावा, खाण्याच्या सोड्याने मृत त्वचा काढावी, कोलॅजनची पावडर दुधातून घ्यावी, असा तो मजकूर. उन्हाविषयी अगदी शेवटी जेमतेम एक ओळ होती. खरे तर ती पहिली हवी होती आणि वरचे बरेचसे छापायलाच नको होते. म्हणून हे पत्र, आणि त्याच्या शेवटी एक मागणी: कमाल तापमानाशेजारी अतिनील निर्देशांक, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, रोज छापावा. ते लांबले आहे, पण अर्धवट माहितीनेच लोकांचे चेहरे बिघडतात, तेव्हा काटछाट करावीशी वाटली नाही.

लिंबापासूनच सुरुवात करू. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमरिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन पडले की एकदोन दिवसांत तिथे आग होते, लाली येते, कधी भाजल्यासारखे फोड येतात. ते बरे झाले तरी मागे तपकिरी डाग उरतो आणि तो जायला महिने लागतात. सरबत करताना मनगटावर ओघळलेला रस न धुता कुणी उन्हात गेले, तर ओघळाच्याच आकाराचा पट्टा उमटतो. चेहऱ्यावर हेच आपण हौसेने करून घ्यायचे का? शिवाय लिंबाच्या रसाचा सामू (पीएच, आम्लतेचे माप) दोनच्या आसपास, तर निरोगी त्वचेचा साडेचार ते साडेपाच. सोडा दुसऱ्या टोकाला, आठच्या वर. या दोन्हींनी त्वचेचा वरचा, पाणी धरून ठेवणारा थर उसवतो. धुतल्यावर चेहरा घट्ट आणि चकचकीत वाटतो तो त्यामुळे, तजेल्यामुळे नव्हे.

आता मूळ प्रश्न. वयाने येणारे म्हातारपण वेगळे आणि उन्हाने आणलेले वेगळे. त्याचा पुरावा प्रत्येकाच्या अंगावर आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कुणीही दंडाची आतली, काखेजवळची त्वचा पाहावी आणि मग त्याच हाताच्या पंजाची मागची बाजू पाहावी. दोन्हींचे वय एकच. आतली त्वचा थोडी पातळ झालेली असेल, बारीक चुण्या पडत असतील, पण रंग एकसारखा आणि स्पर्श मऊ. पंजाची पाठ मात्र गडद, ठिपक्यांची, खरखरीत. हा जो फरक आहे तो बहुतांशी उन्हाचा, आणि आपल्या हातात आहे तो तेवढाच.

वरच्या पातळ थराखाली त्वचेचा जाड थर असतो. त्याचे बळ कोलॅजनच्या तंतूंत आणि लवचीकपणा इलॅस्टिनच्या तंतूंत असतो. नवारीच्या पलंगाची कल्पना करा: पट्ट्या झिजल्या, सैल पडल्या की वरची गादी कितीही चांगली असली तरी खोलगा पडतोच. तारुण्यानंतर त्वचेतले कोलॅजन दर वर्षी साधारण १ टक्क्याने कमी होत जाते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत ही घट सुमारे ३० टक्क्यांपर्यंत जाते. पन्नाशीच्या बाई ‘दोन वर्षांत चेहराच उतरला’ म्हणतात, तेव्हा त्या अतिशयोक्ती करत नसतात. त्यात कोलॅजन बदलण्याचा वेगही फार मंद आहे. त्वचेतले निम्मे कोलॅजन नव्याने बसायला सुमारे १५ वर्षे लागतात. एकदा तुटलेले लवकर भरून येत नाही, म्हणून तुटू न देणे हाच शहाणा मार्ग.

ऊन ते कसे तोडते, हे मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवले. अतिनील किरण पडल्यावर काही तासांतच त्वचेतल्या पेशी कोलॅजन कापणारी विकरे (एन्झाइम) तयार करू लागतात. त्याच वेळी नवे कोलॅजन बनवण्याचे काम मंदावते. त्वचा लाल होण्यासाठी जेवढे ऊन लागते, त्याहून बऱ्याच कमी उन्हातही हे घडते. म्हणजे भाजले नाही, काळवंडले नाही, म्हणून इजा झाली नाही असे नसते. दूध आणायला, मुलाला बसथांब्यावर सोडायला, गच्चीवर कपडे वाळत घालायला लागणारी दहा-दहा मिनिटे वीस वर्षांत साचतात.

आपल्या त्वचेचे एक वेगळेपण इथे सांगायला हवे, कारण सौंदर्यविषयक मजकूर बहुतेक वेळा गोऱ्या युरोपीय त्वचेचा असतो आणि जसाच्या तसा आपल्याकडे उतरतो. आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त असल्याने सुरकुत्या उशिरा येतात. मात्र म्हातारपणाची पहिली खूण सुरकुती नसतेच, ती रंगाची असते. गालांवर वांग, कपाळाच्या कडेने काळसर पट्टा, डोळ्यांखाली काळी छटा, गालांवर मोहरीएवढे काळे मस, ओठांभोवती गडदपणा. ‘मला सुरकुत्या नाहीत, मला सनस्क्रीन कशाला?’ हा प्रश्न त्यामुळेच चुकीचा. आणखी एक गोष्ट: गडद त्वचेत वांग केवळ अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशातल्या निळ्या भागानेही वाढतो. साधी सनस्क्रीन तो अडवत नाही. ज्यात आयर्न ऑक्साइड आहे, म्हणजे जी त्वचेच्या रंगाची असते, टिंटेड म्हणून मिळते, ती अडवते. वांग असलेल्यांनी तीच घ्यावी.

जमिनीपर्यंत पोचणारे अतिनील किरण दोन प्रकारचे. यूव्हीबी वरच्या थरात थांबतात, त्वचा भाजतात आणि भर दुपारी जोरात असतात. यूव्हीए खालच्या थरापर्यंत जातात आणि कोलॅजनला तेच मुख्यतः नडतात. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांतले सुमारे ९५ टक्के यूव्हीए असतात. ते सकाळी आणि संध्याकाळीही बऱ्यापैकी असतात आणि साध्या काचेतून आत येतात. अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या चालकाचे छायाचित्र २०१२ साली तिथल्या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात आले होते. २८ वर्षे मालवाहू गाडी चालवलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू जाड, खोल सुरकुत्यांची झाली होती; उजवी तुलनेने गुळगुळीत होती. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा उजवा गाल आणि उजवा हात. गाडीची पुढची काच दोन थरांची असते, ती यूव्हीए जवळजवळ पूर्ण अडवते; बाजूची काच तशी नसते. एसटी, ट्रक, टॅक्सी चालवणाऱ्यांनी निदान उजव्या हाताला पूर्ण बाही आणि उजव्या गालाला, कानाला, मानेला सनस्क्रीन, एवढे तरी पाळावे.

‘सनस्क्रीन म्हणजे कंपन्यांचा धंदा’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात नँबूर या गावी १९९२ ते १९९६ या काळात ५५ वर्षांखालील ९०३ जणांवर तो झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लोकांचे गट पाडले गेले. काहींना डोके, मान, हात यांना रोज सकाळी सनस्क्रीन लावायला सांगितले, बाकीच्यांना वाटेल तेव्हा. साडेचार वर्षांनी हातांच्या पाठीवरच्या त्वचेचे ठसे तपासले. रोज लावणाऱ्यांत त्वचेचे म्हातारपण २४ टक्के कमी आढळले. ती सनस्क्रीन एसपीएफ (ऊन अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) १५ च्या वरची, आजच्या मानाने साधीच होती. फरक पाडला तो ‘रोज’ या शब्दाने.

आता वापराबद्दल, कारण इथेच सगळे चुकते. एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत काढतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर दिलेला असतो. प्रत्यक्षात लोक त्याच्या निम्मा किंवा चौथाई थर देतात, आणि संरक्षणही त्याच प्रमाणात घसरते. ५० चा आकडा २५ किंवा त्याहूनही खाली येतो. चेहरा, कान आणि मान यांना मिळून साधारण १ ते सव्वा ग्रॅम लागते. मोजमाप सोपे आहे: तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक जाड रेघ. एवढे एकदम चेहऱ्यावर पसरत नाही, म्हणून आधी एका बोटाचे लावावे, दोन मिनिटांनी दुसऱ्याचे. या हिशेबाने ५० ग्रॅमची नळी दिवसातून एकदा वापरली तर दीड महिना पुरते. कुणाची सहा महिने पुरत असेल तर ती नळी कपाटात राखली जाते आहे, चेहऱ्यावर नाही.

एसपीएफ ३० यूव्हीबीचे सुमारे ९७ टक्के अडवते, ५० सुमारे ९८. त्यापुढे आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. पण एसपीएफ फक्त यूव्हीबीचे माप आहे. यूव्हीएसाठी वेष्टनावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ आणि ‘पीए’ या अक्षरांपुढची अधिकची (+) चिन्हे पाहावीत. ही जपानी पद्धत आहे. तीन चिन्हे पुरेशी, चार असतील तर उत्तम. बाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावावी, बाहेरच असाल तर दोन तासांनी पुन्हा, घाम पुसला असेल तर त्याच्याही आधी. दिवसभर कचेरीत खिडकीपासून दूर बसणाऱ्यांनी सकाळी एकदा नीट लावली तर चालते, फक्त दुपारी बाहेर पडताना पुन्हा. कोकण-मुंबईच्या दमट हवेत तेलकट क्रीमने पुटकुळ्या येतात, तिथे जेल घ्यावे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात क्रीम. झिंक ऑक्साइडने पांढरट थर दिसतो खरा, पण डोळ्यांभोवती झोंबत नाही, म्हणून तिथे तीच बरी. नळी दुचाकीच्या डिक्कीत किंवा मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, उष्णतेने ती निकामी होते. पावडरीतल्या वा फाउंडेशनमधल्या एसपीएफवर विसंबू नये. त्या आकड्याचे संरक्षण मिळावे एवढी पावडर कुणी लावत नाही.

शेतमजुरांना, बांधकामावरच्या बायांना, वाहतूक पोलिसांना दर दोन तासांनी सनस्क्रीन लावा म्हणणे हा क्रूरपणा आहे. त्यांच्यासाठी कापड. आणि कापड सनस्क्रीनपेक्षा कमी नाही, उलट जास्त भरवशाचे, कारण ते घामाने पुसले जात नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत बाया साडीवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट घालतात आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून तो कपाळापुढे ओढतात. त्वचेच्या दृष्टीने हा पोशाख उत्कृष्ट आहे आणि त्याला ‘गावंढळ’ म्हणणाऱ्यांनी त्यांच्याकडून शिकावे. कापड घट्ट विणीचे आणि गडद असेल तितके बरे. परीक्षा अशी: कापड उजेडासमोर धरा, आरपार उजेड दिसला तर किरणही आत येतात. पातळ पांढरा सुती सदरा तुलनेने कमी अडवतो, भिजला की आणखी कमी. जीनचे कापड जवळजवळ सगळेच अडवते. दुचाकीवर मुली तोंडाला ओढणी बांधतात तीही चांगलीच सवय, फक्त जॉर्जेटची एकेरी घडी उपयोगाची नाही, सुती आणि दुहेरी हवी. डोळ्यांच्या कडेची उघडी राहणारी पट्टी आणि हँडलवरचे हात यांची सोय वेगळी करावी लागते: यूव्ही ४०० लिहिलेला गॉगल आणि हातमोजे. गांधी टोपी डोके झाकते, पण तिला काठ नसल्याने नाक, कान, मान उघडेच राहतात. चारी बाजूंनी निदान तीन इंच काठाची टोपी हवी.

दुसरा उपाय साधा आणि स्वस्त: ओलावा. चाळिशीनंतर तेलग्रंथी मंदावतात आणि वरच्या थरातून पाणी उडत राहते. कोरड्या त्वचेवरची बारीक रेघ सुरकुतीसारखी दिसते, पण ती सुरकुती नसते. ओलावा दिला की आठवडाभरात निम्मी जाते. साबणाचा सामू नऊ-दहा असतो, तेव्हा तो काखा, जांघा आणि पाय यांच्यापुरताच ठेवावा. पाणी कोमट, आंघोळ दहा मिनिटांच्या आत, अंग टिपून घ्यायचे, घासून पुसायचे नाही. आणि त्वचा ओलसर असतानाच तीन-चार मिनिटांत वर काहीतरी लावायचे. पेट्रोलियम जेली सर्वांत परिणामकारक, पण चिकट; खोबरेल तेलही चांगले काम करते. निव्वळ ग्लिसरीन मात्र लावू नये, एक भाग ग्लिसरीनला चार भाग पाणी किंवा गुलाबपाणी घ्यावे. टाचा आणि नडग्यांच्या खरखरीत त्वचेला १० टक्के युरिया असलेले मलम. खोबरेल तेल कोरडेपणावर उत्तम असले तरी ते उन्हापासून वाचवत नाही; ते वाचवते हा गैरसमज पक्का रुजला आहे.

नायलॉनच्या जाळीने अंग रगडण्याबद्दल एक सूचना. पाठ, खांदे, दंड, नडग्यांवर वर्षानुवर्षे घासल्याने लाटांसारखी काळी नक्षी उठते. ती मळ समजून आणखी घासली जाते आणि आणखी काळी होते. तसेच मानेच्या मागे, काखेत, कपाळाच्या कडेला मखमलीसारखा जाडसर काळेपणा येतो तो मळ नाही आणि वयही नाही. बहुतेकदा ती शरीरात इन्सुलिनचे काम नीट चालत नसल्याची खूण असते. अशांनी पार्लरऐवजी प्रयोगशाळा गाठावी आणि उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्यावी. रक्तातली जादा साखर कोलॅजनच्या तंतूंना चिकटून ते ताठर करते, म्हणून मधुमेह आटोक्यात ठेवणे हाही त्वचेचाच उपचार आहे.

झालेली हानी काही अंशी मागे फिरवणारे आणि सर्वाधिक तपासले गेलेले औषध एकच: ट्रेटिनॉइन. अमेरिकेत ते १९७१ मध्ये मुरुमांसाठी आले. वापरणाऱ्यांच्या सुरकुत्याही कमी होताना दिसल्या आणि १९९५ मध्ये त्यासाठीही मान्यता मिळाली. ते कोलॅजन कापणाऱ्या विकरांना आळा घालते आणि नवे कोलॅजन बनवायला लावते. पण आपल्या त्वचेवर ते घाईने वापरले की आग होते, आणि आग झाली की मागे काळे डाग पडतात. म्हणजे जे घालवायचे तेच वाढते. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीने ०.०२५ टक्क्यांपासून सुरुवात. रात्री चेहरा धुवायचा, पूर्ण कोरडा होईपर्यंत वीस मिनिटे थांबायचे, वाटाण्याएवढे घेऊन कपाळ, गाल, हनुवटी यांवर ठिपके देऊन पसरायचे, नाकपुड्यांच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांना आधी पेट्रोलियम जेलीचे बोट लावायचे, वरून ओलावा देणारे क्रीम. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदाच, मग एकाआड एक दिवस, सोसले तरच रोज. पहिल्या महिन्यात साली निघतात, थोडी लाली येते. इथेच बहुतेक जण घाबरून सोडून देतात किंवा उलट, ‘असर होतोय’ म्हणून दुप्पट लावतात. दोन्ही चूक. मोठी आग झाली तर चार दिवस थांबून पुन्हा कमी वेळा. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. त्याच काळात पार्लरमध्ये ब्लीच, वॅक्सिंग, पीलिंग चेहऱ्यावर नको. गर्भारपणात आणि दिवस राहण्याचा विचार असेल तेव्हा बंद. सकाळी सनस्क्रीन लावायची तयारी नसेल तर हे औषध सुरूच करू नये. दुकानात सहज मिळणारे रेटिनॉल हे त्याचेच सौम्य भावंड. त्वचेत गेल्यावर त्याचे दोन टप्प्यांत रूपांतर होते, म्हणून परिणाम मंद, त्रासही कमी.

क जीवनसत्त्वाच्या सीरमचा उपयोग आहे, पण ते १० ते २० टक्क्यांचे आणि ताजे असावे लागते. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर खराब होते. तपकिरी झालेली बाटली टाकून द्यावी, नवी फ्रिजमध्ये ठेवावी. चार-पाच टक्के नियासिनामाइड त्याहून सोपे, स्वस्त आणि डागांवर बऱ्यापैकी. कोलॅजनच्या क्रीमने काही होत नाही, कारण साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप) मोठा रेणू अखंड त्वचेतून आत शिरत नाही आणि कोलॅजनचा रेणू तीन लाखांच्या घरातला. कोलॅजनची पावडर पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखीच तुटते. फायदा दाखवणारे बरेच अभ्यास विकणाऱ्यांच्याच पैशांतून झालेले आहेत. महिन्याला हजार-दोन हजार रुपये त्यावर घालवण्यापेक्षा डाळ, अंडी, दूध आणि पेरू-आवळा यांवर घालवले तर संपूर्ण घराला लाभ होईल. गोरेपणासाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या ग्लुटाथायोनच्या इंजेक्शनला आपल्याकडे त्या कामासाठी मान्यता नाही. फिलिपाइन्सच्या औषध प्रशासनाने तर त्याविरुद्ध जाहीर इशारे दिलेले आहेत.

तंबाखूबद्दल थोडक्यात. विडी-सिगारेट त्वचेचा रक्तपुरवठा आवळते आणि कोलॅजन कापणारी विकरे वाढवते. ओठांभोवतीच्या उभ्या रेघा त्याच्याच. मिश्री आणि तंबाखूने दात-हिरड्या जातात, दात गेले की ओठ आत ओढले जातात, गाल बसतात आणि माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसतो. त्यावर उपाय दंतवैद्याकडे आहे, क्रीमच्या डबीत नाही.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती स्टेरॉइडच्या मलमांची. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे नळीवर बारीक अक्षरांत असतात. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचे त्रिकूट वांगासाठी मोजक्या आठवड्यांपुरते द्यायचे औषध आहे. ते ‘गोरे करणारे क्रीम’ म्हणून शेजारीणपाजारीण एकमेकींना सांगतात आणि वर्षानुवर्षे लावतात. पंधरा दिवसांत रंग उजळतो, म्हणून विश्वास बसतो. काही महिन्यांत त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, ऊन आणि चुलीची धग सोसवत नाही, पुटकुळ्या येतात, गालांवर लव वाढते. बंद केले की आगडोंब उसळतो, म्हणून पुन्हा लावले जाते. हे एका वर्षात आणलेले वीस वर्षांचे म्हातारपण आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखण्यासाठी नियम कडक केले, तरी काउंटरवर नुसते नाव सांगून ती मिळतात. नळीवर औषधाच्या सक्तीच्या चिठ्ठीची लाल खूण असेल तर ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे. अनेक महिने वापरणाऱ्यांनी मात्र एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. आणि ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक, घटकांची यादी नाही, ती घरात आणूच नये. तशा गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडलेला आहे, आणि त्याने मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण केरळमधल्या डॉक्टरांनी अलीकडेच नोंदवले आहेत.

एक अपवाद सांगणे भाग आहे. महिनाभरात न भरणारी जखम, पटकन वाढणारा किंवा रंग-कडा बदलणारा तीळ, आपोआप रक्त येणारा मस, तळपायावरचा किंवा नखाखालचा नवा काळा पट्टा: हे वय म्हणून सोडून देऊ नये.

आता आपल्याकडे मागणी. आपण रोज हवामानाच्या चौकटीत कमाल-किमान तापमान, आर्द्रता, सूर्योदय, सूर्यास्त छापता. तापमानावरून लोक ऊन ओळखतात आणि तिथेच फसतात. महाबळेश्वरला तापमान कमी असते, पण उंची वाढते तसे अतिनील किरण वाढतात, दर हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी. पातळ ढगांतून बहुतांश किरण खाली येतात, म्हणून पावसाळ्यातल्या उघडिपीला लोक बेसावध असतात. गोव्याच्या किनाऱ्यावर छत्रीखाली बसले तरी वाळूवरून सुमारे १५ टक्के परत उसळतात. महाराष्ट्र उष्णकटिबंधात असल्याने मुंबई-पुण्यावर मे महिन्याच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस सूर्य नेमका डोक्यावर येतो. स्वच्छ आकाशात उन्हाळ्याच्या दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो आणि डिसेंबरच्या गार दुपारीही तो ६ ते ८ असतो. स्वेटर घालून उन्हात बसणाऱ्याला हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

हा निर्देशांक सर्वप्रथम कॅनडाने १९९२ मध्ये वापरात आणला आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये त्याची सोपी मार्गदर्शिका काढली. १-२ कमी, ३ ते ५ मध्यम, ६-७ जास्त, ८ ते १० फार जास्त, ११ आणि त्यापुढे अति. ३ आणि त्यापुढे संरक्षण हवे. ऑस्ट्रेलियात तो हवामानाच्या बातम्यांचा नेहमीचा भाग आहे. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या ‘सफर’ प्रकल्पात हवेच्या प्रदूषणाबरोबर या निर्देशांकाचाही समावेश केला गेला आहे, तेव्हा आकडा कुठून आणायचा ही अडचण नाही. ‘उद्याचा कमाल अतिनील निर्देशांक’ आणि त्याखाली ‘३ च्या वर राहण्याची वेळ: सकाळी इतके ते दुपारी इतके’ एवढ्या दोन ओळी, जिल्हा आवृत्तीनुसार, कमाल तापमानाच्या शेजारी. ज्या दिवशी आकडा सापडणार नाही त्या दिवशी निदान ही ओळ छापा: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर डोके, मान आणि हात झाकून ठेवा.

आणि पुरवणीतला लिंबाचा उपाय चुकीचा होता, अशी दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक त्वचारोगतज्ज्ञ, नाशिक